मॅच मोबाईलवर, मैदान कुठं? मिरेच्या किरणचं धोनीवेड आणि आपल्या तालुक्यातल्या पोरी

नातेपुते : २०२६ हे वर्ष मॅच बघणाऱ्यांचं आहे. ११ जूनला अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत फुटबॉलचा वर्ल्ड कप सुरू होतोय. दुसऱ्याच दिवशी इंग्लंडमध्ये महिलांचा टी-२० वर्ल्ड कप. २३ जुलैपासून ग्लासगोला राष्ट्रकुल स्पर्धा आणि १९ सप्टेंबरपासून जपानमध्ये आशियाई स्पर्धा. अधिक महिन्यामुळं यंदा आषाढी एकादशी २५ जुलैला आहे. म्हणजे माउलींची पालखी नातेपुत्याच्या मुक्कामाला येईल, त्याच सुमारास तिकडं फुटबॉलची फायनल असेल.

या सगळ्या स्पर्धा आता गावात दिसतात. पूर्वी एका घरात टीव्ही असायचा आणि अर्धी गल्ली त्यापुढं बसायची. आता बांधावर, एसटीत, दुकानाच्या काउंटरवर, जो तो आपापल्या मोबाईलमध्ये मॅच बघतो. रोनाल्डोचा शर्ट घातलेलं पोरगं वस्तीवरसुद्धा दिसतं. स्टेटसला कोहली, रिंगटोनला सिनेमाचं गाणं. मोठी माणसं याला 'रिकामपणाचं वेड' म्हणतात.

पण वेड रिकामं असतं का? याचं उत्तर शोधायला मुंबईला जायची गरज नाही. आपल्याच माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावाकडं बघितलं तरी पुरे.

बॅटवर हातानं लिहिलेलं 'एमएसडी ०७'

५ मार्च २०२३. महिला प्रीमियर लीगचा पहिलाच हंगाम, नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम. यूपी वॉरियर्सकडून किरण नवगिरे बॅटिंगला आली. मोठ्या खेळाडूंच्या बॅटवर कंपनीचा स्टिकर असतो, त्याचे त्यांना पैसे मिळतात. किरणच्या बॅटवर स्टिकर नव्हता. तिथं हातानं लिहिलं होतं, 'एमएसडी ०७'. महेंद्रसिंग धोनीच्या नावाची अक्षरं आणि त्याच्या जर्सीचा नंबर. त्या दिवशी तिनं गुजरात जायंट्सविरुद्ध ४३ चेंडूंत ५३ धावा केल्या आणि ती बॅट देशभर दिसली.

किरण ही मिरेच्या शेतकरी कुटुंबातली मुलगी, जन्म १९९४ चा. सुरुवातीला तिचा खेळ क्रिकेट नव्हता. भालाफेक, गोळाफेक, धावणं, या मैदानी खेळांत ती विद्यापीठापर्यंत पोचली. २ एप्रिल २०११ च्या रात्री वानखेडेवर धोनीनं सिक्स मारून वर्ल्ड कप जिंकून दिला, तो कोट्यवधी लोकांनी बघितला. तिनंही बघितला आणि तसेच सिक्स मारायचं मनात घेतलं.

पुढचं रेकॉर्डवर आहे. महाराष्ट्राच्या संघातून ती नागालँडकडं गेली. एप्रिल २०२२ मध्ये अरुणाचल प्रदेशविरुद्ध ७६ चेंडूंत नाबाद १६२ धावा केल्या. टी-२० मध्ये दीडशेचा टप्पा ओलांडणारी ती पहिली भारतीय. तोपर्यंत पुरुषांतही हे कुणाला जमलं नव्हतं. सप्टेंबर २०२२ मध्ये इंग्लंडमध्ये ती भारताकडून पहिल्यांदा खेळली. ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा महाराष्ट्राकडून खेळताना तिनं पंजाबविरुद्ध नागपुरात ३४ चेंडूंत शतक ठोकलं. महिलांच्या टी-२० मधलं ते सगळ्यात वेगवान शतक ठरलं. आधीचा विक्रम न्यूझीलंडच्या सोफी डिव्हाईनचा होता, ३६ चेंडूंचा.

म्हणजे वेड कामाला आलं. पण नुसतं वेड असतं तर किरण स्टेटस ठेवून थांबली असती. भाला आणि गोळा फेकून कमावलेला खांदा होता, शाळा-कॉलेजनं स्पर्धेला पाठवलं होतं आणि पोरांबरोबर खेळताना घरच्यांनी हात धरून परत आणलं नव्हतं. धोनीचा सिक्स सगळ्यांनी बघितला, पण खेळायला जागा आणि परवानगी किती मुलींना होती, हा खरा प्रश्न आहे.

नातेपुत्याभोवतीचा नकाशा

हा अपवाद म्हणून सोडून देता येत नाही. नातेपुत्याच्या आजूबाजूचे तालुके बघा.

शिखर शिंगणापूर ज्या माण तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला ३००० मीटर स्टीपलचेसच्या फायनलमध्ये धावली आणि दहावी आली. १९८४ ला पी. टी. उषा धावली, त्यानंतर ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरची फायनल गाठणारी ही पहिलीच भारतीय महिला.

पलीकडच्या फलटण तालुक्यातल्या सरडेचा प्रवीण जाधव. आई-वडील मजुरी करणारे. टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत ६५६ गुण घेऊन तो भारतीय पुरुष तिरंदाजांत पहिला आला. माणच्या खाली आटपाडी तालुका. तिथल्या करगणीच्या सचिन खिलारीनं २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक आणलं.

हा सगळा पट्टा दुष्काळी म्हणून ओळखला जातो. इथं सिंथेटिक ट्रॅक नाहीत, मोठे क्लब नाहीत. यातल्या बहुतेकांना शाळेच्या पातळीवर कुणीतरी हेरलं. प्रवीण हा राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढं आला. या प्रबोधिनीत लहान वयातच मुलं निवडतात. निवडीला धावणं, उड्या, मेडिसिन बॉल फेक अशा चाचण्या असतात. त्याला महागडी बॅट लागत नाही, बूट नसले तरी चालतं. पण चाचणी आहे हे मुलाला आणि घरच्यांना कळावं लागतं. आपल्याकडं आयपीएलचं वेळापत्रक पोराटोरांना पाठ असतं, पण प्रबोधिनीच्या चाचण्या कधी असतात हे किती पालकांना माहीत आहे?

पडद्यावरच्या आर्चीला शिट्ट्या, गल्लीतल्या पोरीला प्रश्न

खेळासारखंच सिनेमाचं. २९ एप्रिल २०१६ ला 'सैराट' आला. दिग्दर्शक नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, नायिका रिंकू राजगुरू आपल्या अकलूजची. पहिल्याच सिनेमासाठी तिला राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला. सिनेमा बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला. आपली बोली, आपला ऊस, आपल्या विहिरी जगानं बघितल्या.

'सैराट'ची सुरुवातच गावच्या क्रिकेट मॅचनं होते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात असेल. माईकवर कॉमेंट्री, चषक, पाहुणे. पोरं खेळतात आणि पोरी बघायला. पुढं आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, आणि थिएटरात शिट्ट्या पडतात.

दहा वर्षं झाली. पडद्यावरच्या आर्चीला शिट्ट्या मारणाऱ्या गावात खरी मुलगी ट्रॅकपँट घालून पहाटे पळायला निघाली, तर पहिला प्रश्न कोण विचारतं? ती किती किलोमीटर पळते, हे कुणी विचारत नाही. 'कुठं चाललीय, कुणाबरोबर चाललीय' हेच विचारलं जातं. पोलीस भरतीसाठी पळतेय म्हटलं तर अजून चालतं, कारण त्यात नोकरी दिसते. नुसतं खेळायचंय म्हटलं की घरातलं काम आठवतं.

२ नोव्हेंबर २०२५ ला भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून वनडे वर्ल्ड कप जिंकला. त्या संघातली स्मृती मानधना शेजारच्या सांगलीत वाढलेली. त्या रात्री गावोगावी स्टेटस बदलले, फटाके वाजले. जल्लोष खराच होता. पण दुसऱ्या दिवशी शाळेच्या पीटीच्या तासाला बॅट कुणाच्या हातात होती?

त्याच वर्षी १९ जानेवारीला दिल्लीत पहिल्या खो-खो वर्ल्ड कपच्या फायनल झाल्या. भारताच्या महिलांनी नेपाळला ७८-४० नं आणि पुरुषांनी ५४-३६ नं हरवलं. दोन्ही कप्तान महाराष्ट्राचे, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. दोन खांब आणि मोकळी जागा एवढ्यावर चालणारा हा खेळ आपल्या जिल्हा परिषद शाळांनी पिढ्यानपिढ्या जपला. त्याची फायनल मात्र क्रिकेटच्या मानानं फार थोड्या मोबाईलवर बघितली गेली. वेड कशाचं लागावं, हेसुद्धा बऱ्याचदा जाहिरातीच ठरवतात.

वेडाचे पैसे कुणी खाल्ले?

गेल्या काही वर्षांत मॅच बघणं हे नुसतं बघणं राहिलं नव्हतं. ॲपवर टीम लावायची, ४९ रुपये टाकायचे आणि करोडपती व्हायची वाट बघायची. खेळाडूवरचं प्रेम कमी, पॉइंटचा हिशोब जास्त. उधारी करून, दुधाचे पैसे लावून पोरं यात अडकली. घरात कळेपर्यंत उशीर झालेला असायचा.

केंद्र सरकारनं ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन गेम त्यात बंद केले, मग ते नशिबाचे असोत की कौशल्याचे. असे गेम चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा. भारतीय संघाच्या जर्सीवरचं ड्रीम११ चं नाव त्यानंतरच गेलं. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही, कारण त्याला फसवला गेलेला माणूस मानलंय. तरीही टेलिग्रामवरून, परदेशी लिंकवरून सट्टा घेणारे आहेतच. वर्ल्ड कपच्या तोंडावर त्यांचे मेसेज वाढतात. पैसे फसवून घेतले गेले, तर सायबर हेल्पलाइन १९३० वर लगेच फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.

पूर्वीही वेडापायी खिशातून पैसे जायचे, पण ते वेगळ्या ठिकाणी जायचे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकला गेले, ते लोकांनी गोळा केलेल्या वर्गणीच्या आधारावर. येताना कुस्तीत कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तेव्हाचं वेड पैलवानाच्या खुराकाला आणि प्रवासाला लागत होतं. आजचे ४९ रुपये कुठल्या खेळाडूच्या बुटाला गेले?

रिंगणाला जागा होते, मग पोरींना का नाही?

जागाच नाही, हे उत्तर नेहमीचं आहे. पण दर वर्षी पालखी नातेपुत्याहून पुढं निघाली की पुरंदावड्याला, सदाशिवनगरजवळ, गोल रिंगण होतं. पुढं खुडूसलाही होतं. अश्व धावायचे म्हणून जागा मोकळी केली जाते, सपाट केली जाते, आणि लाखो माणसं शिस्तीत उभी राहतात. गावानं ठरवलं की मैदान होतं, हे आपण दर आषाढीला बघतो.

टेनिस बॉलच्या चषक स्पर्धांनाही जागा होते, मंडप होतो, हजारोंची बक्षिसं होतात, युट्युबवर लाइव्हसुद्धा होतं. वर्गणी देणारे आहेत, कॉमेंट्री करणारे आहेत. यातल्या किती स्पर्धांत मुलींचा एक तरी सामना ठेवला जातो? एका बक्षिसाच्या रकमेत शाळेच्या दोन संघांचं साहित्य येतं.

त्यामुळं पोरांच्या हातातला मोबाईल काढून घेणं हा उपाय नाही. किरणनंही धोनीला स्क्रीनवरच बघितलं होतं. उपाय साधे आहेत आणि गावाच्या हातातले आहेत. शाळेचं मैदान संध्याकाळी उघडं ठेवायचं आणि त्यातले काही वार मुलींचे ठरवायचे. मैदानावर दिवा लावायचा. ग्रामसभेत खेळाच्या साहित्याचा विषय लिहून द्यायचा. प्रबोधिनीच्या चाचण्यांची तारीख पंचायत समितीतून विचारून गावच्या ग्रुपवर टाकायची. खेळाडूंना दहावी-बारावीला सवलतीचे गुण आणि सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण असतं, हे आई-बापाला सांगायचं, म्हणजे 'खेळून काय मिळणार' याला उत्तर राहील.

महिलांच्या टी-२० वर्ल्ड कपची फायनल ५ जुलैला लॉर्ड्सवर आहे. जूनच्या मध्याला शाळा उघडतात, म्हणजे मधे जवळपास तीन आठवडे मिळतात. तेवढ्या दिवसांत तालुक्यातल्या प्रत्येक शाळेत मुलींची एक टीम उभी करायला एक शिक्षक, एक बॅट आणि घरून मिळालेली एक तासाची सुट्टी लागेल. यातल्या पहिल्या दोन गोष्टी शाळा आणि ग्रामपंचायत बघेल. तिसरी मात्र घरातच ठरणार आहे.