विकेंद्रित समाजमाध्यमें सामान्यांस दुर्बोध आहेत काय?

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमचा एक माजी विद्यार्थी, जो सध्यां पुण्यास अभियांत्रिकी शिकत आहे, कारंज्यास आपल्या वडिलांना मॅस्टोडॉनवर खातें उघडून देत होता. वडील कापसाचे व्यापारी. तोंडी हिशेबांत त्यांचा हात धरणारा विरळा. परंतु मुलानें सर्व्हरांची लांबलचक यादी पुढें करून “बाबा, यांतला कोणता?” असें विचारतांच त्यांनीं फोन खालीं ठेविला. “सर, हें आपल्यासारख्यांचें काम नव्हे,” असें ते मागाहून मला म्हणाले. त्यांचें म्हणणें कितपत खरें, याचा विचार पालकांनीं व मुलांनीं करण्याजोगा आहे.

फेसबुक किंवा एक्स हीं एकेका कंपनीच्या मालकीचीं. मॅस्टोडॉनची गोष्ट निराळी. जर्मनींतील ऑयगेन रोख्को या तरुणानें २०१६ सालीं तें लोकांपुढें आणिलें. त्याचा धनी एक नाहीं. कोठें एकादी संस्था, कोठें चार मित्र, असे हजारों चालक आपापले सर्व्हर चालवितात, आणि एका सर्व्हरवरील मनुष्य दुसऱ्यावरील मनुष्याशीं बोलूं शकतो. म्हणून पत्ता दुहेरी असतो: आधीं नांव, मग सर्व्हर. यांत दुर्बोध तें काय? टपालाचा पत्ताहि असाच नव्हे काय? एकाच नांवाचीं गांवें अनेक. तो घोटाळा टळावा म्हणून श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी गृहस्थांनीं योजिलेला पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झाला, आणि आपल्या वाशीमचा ४४४५०५ हा आंकडा आज लहान मूलहि घडघड सांगतें.

मात्र एक भेद आहे, आणि माझ्या मतें सारी मेख तेथेंच आहे. आपलें टपालघर कोणतें, हें कोणीं आपणांस निवडावयास लाविलें नव्हतें. येथें तर नवख्या माणसाला उंबरठ्यावरच निवड करावी लागते, आणि ती चुकली तर काय होईल, हें सांगणारें जवळ कोणी नसतें. त्या गृहस्थांची बुद्धि कमी पडली नाहीं. अनोळखी पेढीवर व्यवहार करूं नये, हा त्यांचा नेहमींचा शहाणपणाच होता.

‘मग हा खटाटोप हवाच कशाला?’ असें कोणी म्हणेल. ऑर्कुटवर जमलेलीं मित्रमंडळें ३० सप्टेंबर २०१४ रोजीं एका कंपनीच्या निर्णयानें मोडलीं. २०१९ सालीं ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचें ट्विटरवरील खातें निलंबित झालें, तेव्हां नोव्हेंबरांत निषेधार्थ अनेक भारतीय मॅस्टोडॉनवर गेले. (पुष्कळ जण पुढें परतले. ओळखीचीं माणसें जुन्याच ठिकाणीं होतीं; मला त्याचें नवल वाटत नाहीं.) आपल्या मुलांचीं छायाचित्रें, सोयरेधायऱ्यांचे पत्ते, वर्षांनुवर्षांचा संवाद, हें सारें ज्याच्या हातीं आहे, त्यानें दार लाविलें तर दाद कोणाकडे मागावयाची?

२०२३ सालीं मॅस्टोडॉननेंहि वाट सोपी केली. नवागतास प्रथम त्यांचाच मोठा सर्व्हर सुचविला जाऊं लागला. सोय झाली खरी. परंतु सारेच एका वाड्यांत राहूं लागले, तर विकेंद्रीकरण उरलें कोठें? ही सोय मला महाग वाटते. त्यापेक्षां एकाद्या महाविद्यालयानें वा ग्रंथालयानें आपल्या माणसांसाठीं सर्व्हर चालवावा, मग ‘कोणता?’ हा प्रश्नच उरत नाहीं. त्याला खर्च आहे, रोजची देखरेख आहे, आणि चालक थकला तर सर्व्हर बंद पडतो, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. सर्व्हर बदलतां येतो, फॉलोअरहि बरोबर नेतां येतात. जुनें लिखाण मात्र मागेंच राहतें. हा दोष यादीच्या गोंधळापेक्षां मला अधिक बोंचतो.

असो. त्या गृहस्थांचें खातें अखेर मुलानें आपल्या मित्रांच्या सर्व्हरवर उघडून दिलें, आणि दुहेरी पत्ता त्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेविला. ते आतां रोज सकाळीं पुण्याच्या मुलाशीं तेथें बोलतात. कारंज्याचें दुसरें कोणी त्यांना तेथें अजून भेटलेलें नाहीं.