टेडी वेदरफोर्ड : कला हवी, कलावंत मात्र दाराबाहेर?

आपल्या भंडारा जिल्ह्यात जॅझचे नाव काढले की लोक म्हणतात, ते मोठ्या हॉटेलातले, श्रीमंतांचे संगीत. हा समज चुकीचा आहे. जॅझ घडवला तो अमेरिकेतील काळ्या लोकांनी, गुलामांच्या नातवंडांनी-पतवंडांनी. श्रीमंतांनी त्यावर फक्त नाच केला. कला शोषितांनी घडवायची आणि प्रतिष्ठा दुसऱ्याने मिरवायची, हा प्रकार आपल्याला नवा आहे काय? म्हणूनच टेडी वेदरफोर्ड या काळ्या पियानोवादकाचे आयुष्य आंबेडकरी समाजाने समजून घेतले पाहिजे. हा माणूस आपल्याच मुंबईत पियानो वाजवून गेला आहे.

वेदरफोर्ड यांचा जन्म 1903 चा, व्हर्जिनियातील पोकाहोंटास या कोळसा खाणीच्या गावातला. आपल्या तुमसर तालुक्यातील चिखला, डोंगरी बुजुर्ग ही मॅंगनीजची गावे डोळ्यांसमोर आणा, म्हणजे खाणीचे गाव कसे असते हे वेगळे सांगावे लागणार नाही. कोवळ्या वयात ते न्यू ऑर्लिन्सला जॅझ पियानो शिकले. पुढे शिकागोत अर्स्किन टेट यांच्या वाद्यवृंदात लुई आर्मस्ट्राँग यांच्यासोबत वाजवले. 1926 ची ती ध्वनिमुद्रणे आजही ऐकायला मिळतात. त्याच वर्षी, वयाच्या तेविशीच्या आत, ते आशियाकडे निघाले.

ते ज्या देशातून निघाले त्या देशाचा कायदा काय होता? 1896 च्या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या-गोऱ्यांना वेगवेगळे ठेवणे कायदेशीर ठरवले होते. दक्षिणेत गाडीचा डबा वेगळा, शाळा वेगळी, पाण्याचा नळ वेगळा. काळ्याचे गाणे मात्र गोऱ्याच्या ग्रामोफोनवर चालत होते. संगीताला विटाळ नव्हता, विटाळ माणसाचा होता.

शांघायमध्ये वेदरफोर्ड यांचे नाव झाले. 1934 मध्ये बक क्लेटन या ट्रम्पेटवादकाचा बँड त्यांच्याच पुढाकाराने तेथे आला. 1937 मध्ये पॅरिसला त्यांनी एकट्याने पियानो ध्वनिमुद्रित केला. 1930 च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात ते वाजवत होते आणि तेथे त्यांनी बँडचे नेतृत्वही केले. समोर नाचणारे कोण होते? इंग्रज साहेब, संस्थानिक आणि शहरातले धनिक.

आता त्याच दशकातली दुसरी मुंबई पाहा. 1936 साली बाबासाहेबांनी ‘जातिनिर्मूलना’वरील भाषण स्वतः छापून प्रसिद्ध केले. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबई इलाखा महार परिषदेत त्यांनी धर्मांतराची भूमिका सविस्तर मांडली. कामगारांच्या चाळींत भीमराव कर्डकांचे जलसे रंगत होते. एकाच शहरात एकीकडे काळा पियानोवादक आणि दुसरीकडे आपले जलसाकार. दोघांच्याही पाठीशी हजारो वर्षांचा नसला तरी पिढ्यान्‌पिढ्यांचा अपमान होता. पण ताजच्या दालनातला आवाज चाळीपर्यंत पोहोचला नाही आणि चाळीतला आवाज ताजपर्यंत गेला नाही. मध्ये पैशाची आणि जातीची भिंत होती.

काही मित्र विचारतील, हॉटेलात श्रीमंतांची करमणूक करणाऱ्याचे आपल्याला काय? प्रश्न रास्त आहे. वेदरफोर्ड नेते नव्हते, वादक होते. वंश आणि जात एकच आहेत असेही मी म्हणत नाही. जातीचा उगम वंशात शोधणारा सिद्धांत बाबासाहेबांनीच नाकारला होता. पण दोन्ही व्यवस्था कलावंताला वागवतात मात्र एकाच रीतीने. याच बाबासाहेबांनी 1946 मध्ये काळ्यांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या दुःखातले साम्य मांडले. 1972 मध्ये आपल्या तरुणांनी ब्लॅक पँथरवरून दलित पँथर हे नाव घेतले. राजकारणातले नाते आपण ओळखले, मग संगीतातले का ओळखू नये?

वेदरफोर्ड पुढे कलकत्त्याला गेले. तेथे 25 एप्रिल 1945 रोजी पटकीने त्यांचा मृत्यू झाला. वय अवघे 41. त्यांच्या बँडमध्ये वाजवलेले फ्रँक फर्नांड हे गोव्याचे वादक नंतर हिंदी चित्रपट संगीतात गेले. तेथे सूर कागदावर उतरवणाऱ्या गोव्याच्या वादकांची नावे पडद्यावर क्वचितच आली. त्याच बँडमधले नेपाळी ट्रम्पेटवादक जॉर्ज बँक्स यांनी आर्मस्ट्राँग यांच्यावरून मुलाचे नाव ठेवले. तेच आजचे पियानोवादक व संगीतकार लुईस बँक्स. विद्या पुढे गेली. शिकवणाऱ्याचे नाव मागे राहिले.

आता आपल्या गावाकडे या. लग्नात डफडे, सनई, बँड लागतो. वाजवणारा कोणत्या जातीचा, हे सगळ्यांना ठाऊक असते. वरातीत तो सर्वांत पुढे, पंगतीत सर्वांत शेवटी. दंडार आणि खडी गंमत यांचे ‘लोककला’ म्हणून कौतुक होते, पण कलावंताला मानधन किती, हे कौतुक करणारा विचारत नाही. आणि आपण तरी वेगळे काय करतो? वामनदादा कर्डकांची गाणी गावोगाव वाजतात, पण जयंतीच्या फलकावर हार्मोनियम आणि ढोलकी वाजवणाऱ्याचे नाव कधी छापतो का? देणगीदारांची नावे मात्र मोठ्या अक्षरांत असतात. व्यवस्थेला जो जाब विचारायचा तो आधी स्वतःला विचारला पाहिजे.

माझे म्हणणे स्पष्ट आहे. 14 एप्रिलला डीजेवर जो पैसा उडतो, त्यातला निम्मा बाजूला काढा. त्यातून विहारात एक हार्मोनियम, एक कीबोर्ड, एक ढोलकी घ्या. गावातल्याच जाणत्या वादकाला मानधन देऊन मुला-मुलींचा वर्ग सुरू करा. स्वरलिपी लिहायला शिकवा, कारण जे लिहिले जात नाही ते दुसऱ्याच्या नावावर जाते. कार्यक्रमाच्या फलकावर प्रत्येक वादकाचे नाव छापा आणि जेवणाच्या पंगतीत त्याला आपल्याशेजारी बसवा. डीजेचा आवाज रात्रीत विरतो. शिकलेले पोर आयुष्यभर वाजवते आणि दहा जणांना शिकवते.

जय भीम!