वासराची टोचणी मृगाआधीच



ऊस विकास खात्याच्या माणसाने गोठ्यात का डोकवावे, असे कोणी म्हणेल. पण कर्जत-खालापुरात भातच फार, ऊस थोडा. बऱ्याच घरांचा रोजचा खर्च दुभत्यावर भागतो. म्हणून लिहितो आहोत.

टोचणीच्या दिवशी आम्ही पाहतो. बैल आणि दुभती म्हैस पुढे आणतात, रेडकू मात्र मागेच बांधलेले. "एवढ्याशा जिवाला कशाला टोचायचं? ते काय दूध देतंय?" आमच्या मते हा हिशेब उलटा आहे. घटसर्प मोठ्या जनावरालाही होतो, पण सहा महिने ते दोन वर्षांच्या जनावराला, त्यातही म्हशीच्या पिलाला, जास्त धरतो. चिकातून मिळालेली आईची ताकद तोवर सरलेली असते. (चीक आधी पिलाला, उरला तर खरवस. खरवस आम्हांलाही आवडतो, पण क्रम हाच.) पावसाळा सरताना व्यालेल्या म्हशीचे रेडकू मे महिन्यात सात-आठ महिन्यांचे होते, आणि पुढे त्याचा पहिला पावसाळा उभा असतो.

मागे एका सभासदाची चांगली वाढलेली रेडी आषाढात गेली. रात्री वैरण टाकली नाही तिने, पहाटे सणसणून ताप, गळा सुजलेला, घशात घरघर. घरच्यांनी गळ्यावर डाग दिला. डॉक्टर येईपर्यंत श्वास कोंडून खेळ आटोपला होता. वर्षा-दोन वर्षांत ती दावणीची म्हैस झाली असती. डाग देऊन घटसर्प हटत नाही; औषध लागू पडते तेही अगदी सुरुवातीलाच.

उसाला काणी दिसल्यावर बेणेप्रक्रिया करतो का आपण? लागणीआधीच करतो. इथेही तसेच. लस अंगी लागायला दोन-तीन आठवडे जातात. मृग 7 जूनच्या सुमारास निघते, तेव्हा टोचणी 15 मेच्या आसपास उरकलेली बरी. पाऊस पडून गोठा ओला झाल्यावर धावपळ करून काय उपयोग?

टोचल्या जागी गाठ येते, एखादा दिवस कसर वाटते. त्याला भिऊ नये. लस बर्फात ठेवलेली आहे ना, हे मात्र जरूर विचारावे. सहा महिन्यांखालच्या वासराचे पशुवैद्यकांना विचारून ठरवावे. आणि टोचणीच्या सकाळी जनावरे रानात सोडू नयेत, मागची दावणसुद्धा.