धुके, ऊस आणि पहाटेची दुचाकी

निपाणी : थंडी आणि उसाचा गळीत हंगाम सीमाभागात जोडीनेच येतात. पहाटे निपाणीहून कागलच्या औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीला निघालेल्या दुचाकीस्वारापुढे धुके असते आणि त्यात दिव्याविना चाललेली उसाची ट्रॉली. अप्पर मारला की धुक्याची पांढरी भिंतच उभी राहते. डिपर आणि कमी वेग हाच उपाय. पण सगळा भार दुचाकीवाल्यावरच का? ट्रॉलीमागे लाल रिफ्लेक्टर हवा, हे सांगणारे १९८९चे केंद्रीय मोटार वाहन नियम दोन्ही राज्यांना सारखेच लागू आहेत. ऊसही हद्द बघून थांबत नाही; इकडचा तिकडच्या कारखान्याला जातो. मग रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली दोन्हीकडच्या कारखान्यांनी वजनकाट्यावरच अडवावी. तिथे प्रत्येक ट्रॉलीला थांबावेच लागते.