माल सुरक्षित, माणूस वाऱ्यावर

घाटांत मालट्रक उलटला कीं दुसऱ्या दिवशींच्या वृत्तपत्रांत कारण ठरलेलें असतें : ‘चालकाचा ताबा सुटला.’ सुशिक्षित वाचक तें वाचतो, ‘हे लोक पिऊनच गाडी हांकतात’ असा शेरा मारतो आणि पान उलटतो. आरोपी सांपडला, निकाल लागला, आपण निर्दोष सुटलों! आमचें म्हणणें असें कीं, हा निकाल फार घाईनें लागलेला असतो. आणि तो असाच लागावा यांत आपणां मध्यमवर्गीयांचें हितही थोडेंबहुत गुंतलेलें असतें.

एक प्रसिद्ध उदाहरण घेऊं. 20 नोव्हेंबर 2022 रोजीं पुण्याच्या नवले पुलाजवळ एका मालट्रकनें अनेक वाहनांस ठोकरिलें. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून तेथवर लांबच लांब उतार आहे. त्या उतारावर इंधन वांचविण्यासाठीं इंजिन बंद ठेविलें होतें, असें प्राथमिक तपासांत पुढें आलें. सर्वांनीं चालकास मूर्ख ठरविलें. त्या एका चालकाच्या मनांत काय होतें हें आम्ही सांगूं शकत नाहीं. पण हा प्रकार या धंद्यांत एकट्या-दुकट्याचा नाहीं, आणि तो कोठून येतो याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. पुष्कळ ठिकाणीं फेरीचें डिझेल किलोमीटर मोजून दिलें जातें. तें कमी पडलें तर चालकाच्या पगारांतून कापून घेतात. उरलें तर तें त्याचें. उतारावर गिअर काढून गाडी सोडली कीं थोडें डिझेल उरतें, आणि इंजिनाचा आधार गेल्यामुळें सारा भार ब्रेकवर पडून ते तापतात. ज्या वेतनपद्धतींत सावध चालकाच्या पगाराला कात्री लागते आणि धोका पत्करणाऱ्याच्या खिशांत दोन पैसे पडतात, त्या पद्धतीस एक शब्दही न बोलतां केवळ चालकास शिक्षा करणें हा अर्धा न्याय झाला.

कायदाच नव्हता असें मात्र कोणी समजूं नये. 1961 सालीं मोटार परिवहन कामगार अधिनियम झाला. दिवसाला 8 तास, आठवड्याला 48. लांब पल्ल्यासाठीं फार तर 10 आणि 54. पांच तासांच्या कामानंतर निदान अर्धा तास विसांवा, आणि आठवड्यास एक सुट्टी, इतकें त्यांत स्वच्छ लिहिलें होतें. पुढें 2020 सालीं सेव्हलाइफ फाउंडेशन या संस्थेनें दहा शहरांतील बाराशेंहून अधिक चालकांस विचारून अहवाल काढिला. चालक दिवसाला सरासरी सुमारें 12 तास गाडी हांकतो, आणि थकवा वा झोप येत असतांही आपण गाडी हांकतों हें जवळजवळ निम्म्या चालकांनीं कबूल केलें, असें त्यांत आढळतें.

कायदा आणि अनुभव यांत एवढें अंतर कां पडावें? एक कारण असें कीं, तो अधिनियम पांच किंवा अधिक कामगार असणाऱ्या धंद्यालाच लागू होता, आणि आपल्याकडील मालट्रकांचा फार मोठा भाग थोड्याथोड्या गाड्या बाळगणाऱ्या लहान मालकांचा आहे. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेंत हा अधिनियम सामावून घेतला गेला, व नोव्हेंबर 2025 मध्यें ती संहिता अमलांत आली. तिनें पांचांची ही मर्यादा खालीं आणावयास हवी होती. ती दहांवर नेली! रोग्यांची संख्या कमी दिसावी म्हणून रुग्णालयाचें दार अरुंद करण्यासारखेंच हें झालें.

दुसरें कारण धंद्याच्या रचनेंत आहे. मोठी वाहतूक कंपनी पुष्कळदां स्वतःच्या गाड्या बाळगीत नाहीं. ती कारखान्याकडून काम घेते, दलालाला देते, दलाल गाडीमालकाला देतो, आणि उतरंडीच्या तळाशीं चालक उरतो. बिल्टीवर नांव कंपनीचें, गाडी दुसऱ्याची, आणि चालक कोणाचाच नाहीं. तक्रार घेऊन तो कंपनीच्या दारांत गेला तर ‘तुझ्या मालकाला विचार’ असें उत्तर मिळतें. मालकाकडे गेला तर ‘कंपनीनेंच भाडें अडकविलें आहे’ असें ऐकावें लागतें. दोन्ही उत्तरें बहुधा खरींच असतात, आणि त्यांतच या व्यवस्थेची खुबी आहे.

आतां त्याच्या दिवसाचा हिशेब पाहा. न्हावाशेव्याच्या बंदराबाहेर किंवा एखाद्या कारखान्याच्या फाटकाशीं गाडी तासन् तास उभी राहते. हा वेळ कामांत धरीत नाहींत, कारण चाकें फिरत नाहींत. आणि विश्रांतींतही धरतां येत नाहीं, कारण रांग पुढें सरकली कीं गाडी पुढें घ्यावी लागते. शौचास जागा नाहीं, अंघोळीस पाणी नाहीं. माल उतरवितांना वाराईचे पैसे मागतात ते त्याच्याकडे. बिल्टीपेक्षां माल कमी भरला तर तूटही त्याच्याच माथीं मारतात. आणि रांगेंत गेलेला वेळ भरून काढावयाचा तो रात्रीं, रस्त्यावर, झोप मारून.

याउलट मालाची काळजी किती! गाडी कोठें आहे हें जीपीएसवर कचेरींत बसून दिसतें. ई-वे बिलाला मुदत असते : 2021 पासून साधारण मालासाठीं 200 किलोमीटरमागें एक दिवस. म्हणजे सरकारी कागदालासुद्धां घाई नाहीं. घाई आहे ती करारांत, जेथें उशीर झाला कीं भाडें कापलें जातें. गाडी किती तास थांबली हें सांगणारें यंत्र, तिच्यांतला माणूस किती तास झोपला नाहीं हेंही सांगूं शकतें. पण तो प्रश्न त्या यंत्राला कोणी विचारीत नाहीं. युरोपीय संघांत 2006 च्या नियमानें दिवसाला सामान्यतः 9 तासांहून अधिक वाहन हांकतां येत नाहीं, साडेचार तासांनंतर 45 मिनिटें थांबावेंच लागतें, आणि हें सर्व गाडींतील यंत्रावर नोंदलें जातें. यंत्र तेथेंही आहे, येथेंही आहे. भेद आहे तो काय मोजावयाचें याचा.

कोणी म्हणेल, ‘त्यांना कोणीं बांधून ठेविलें आहे? नको तर नोकरी सोडावी.’ सोडतातच, आणि बापाचा धंदा मुलगा घेत नाहीं अशी ओरड मालकही करतात. पण नोकरी सोडण्याची मुभा आहे म्हणून ती अमानुष ठेवावी, हें तर्कशास्त्र आम्हांस कळत नाहीं. दुसरा आक्षेप महागाईचा. भाडें वाढलें कीं धान्य महागेल, हें खरें. पण आज तें धान्य स्वस्त पडतें तें त्यांतील कांहीं किंमत चालकाच्या झोपेंतून आणि रस्त्यावरील रक्तांतून वसूल होते म्हणून. 2022 सालीं या देशांत रस्ते-अपघातांत 1,68,491 माणसें मेलीं. तीं सर्व मालट्रकनें मारलीं असें नव्हे. परंतु झोपेनें मिटलेल्या डोळ्यांचा त्यांतील वाटा आपण कधीं नीट मोजलेलाच नाहीं.

वैमानिकाच्या बाबतींत हीच गोष्ट आपणांस लगेच पटते. त्याची आठवड्याची विश्रांति 36 तासांवरून 48 तासांवर नेणारा नियम झाला, तेव्हां थकलेल्या माणसाच्या हातीं विमान देऊं नये, हें तत्त्व कोणीं नाकारिलें नाहीं. कारण विमानांत आपण स्वतः बसलेले असतों. मालट्रकमध्यें आपला फक्त माल असतो. परंतु तो मालट्रक ज्या रस्त्यानें जातो, त्याच रस्त्यानें आपल्या मुलांची बसही जाते.

जानेवारी 2024 च्या आरंभीं चालकांनीं काम थांबविलें. मनमाडजवळच्या पानेवाडीचे टँकर उभे राहिले, आणि पेट्रोल पंपांवर आपल्या रांगा लागल्या. अपघातानंतर पोलिसांस न कळवितां पळून जाणाऱ्यास 10 वर्षांपर्यंत शिक्षा सांगणारें भारतीय न्याय संहितेचें कलम हें त्याचें निमित्त. जखमीस टाकून पळणें अक्षम्य आहे, याविषयीं आमच्या मनांत संशय नाहीं. पण जमाव आधीं मारतो आणि मग विचारतो, हेंही तितकेंच खरें आहे. विशेष हें कीं, काम थांबविलें चालकांनीं आणि सरकारची बोलणीं झालीं तीं वाहतूकदार मालकांच्या संघटनेशीं. चालकाच्या नांवानें बोलणारा कोणी त्या मेजाशीं होता काय, असा प्रश्न आपण रांगेंत उभे असतांना विचारला नाहीं.

2023 च्या अधिसूचनेनें 2025 पासूनच्या नव्या जड मालगाड्यांस वातानुकूलित केबिन सक्तीची केली. हें चांगलेंच झालें. पण थंड केबिनमध्यें अठरा तास बसविलेला मनुष्य थंडाव्यांत झोपी जाईल, इतकाच फरक पडेल. आमच्या मतें तीन गोष्टी आधीं हव्यात : फाटकावरची वाट पाहणी कामाचे तास म्हणून मोजून तिचे पैसे द्यावे; जीपीएसची नोंद विश्रांतीच्या तपासणीस खुली असावी; आणि कामगार पांच असोत वा एक, ज्याचा माल आणि ज्याची बिल्टी त्यानें चालकाच्या तासांची जबाबदारी घ्यावी. गिरण्यांतील कामगारांचे तास बांधावयाचे ठरलें तेव्हांही धंदा बुडेल असें सांगण्यांत आलें होतें. तास बांधले गेले, आणि त्यानंतरही गिरण्या कित्येक दशकें चालल्या. रस्त्यावरच्या या गिरणीला भिंती नाहींत, म्हणून तिचे तास मोजावयाचे नाहींत, असें म्हणण्याचा अधिकार ना मालकाला आहे, ना तिच्या मालावर घर चालविणाऱ्या आपल्यासारख्यांना.