सोबतीने सावरणाऱ्यांचा जाहीरनामा

महाराष्ट्रातल्या बायकांनी दारूशी मोठी झुंज दिली. मोर्चे काढले, हातभट्ट्या उद्ध्वस्त केल्या, मतदान करून गावोगावची बाटली आडवी केली. 1993 मध्ये गडचिरोलीत दारूबंदी झाली तीही लोकचळवळीच्या रेट्यामुळे. हा वारसा आमचा आहे आणि आम्हाला त्याचा अभिमान आहे. पण या सगळ्या लढाईत बाई होती ती पिणाऱ्याची बायको, आई नाहीतर लेक म्हणून. स्वतः पिणारी बाई त्यात कुठेच नव्हती. ती आतून कडी लावून बसली होती.

तिच्यासाठी आम्ही एकत्र येत आहोत. आमच्यातल्या कितीतरी जणी तीच आहेत.

व्यसन पुरुषाने करायचे आणि भोगायचे बाईने, अशी वाटणी समाजाने करून टाकली आहे. तव्यावर तंबाखू भाजून केलेली मिश्री दिवसभर हिरड्यांना लावणारी आजी व्यसनी ठरत नाही. ती फक्त ‘दात घासते’. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या 14.2 टक्के प्रौढ स्त्रिया तंबाखूचे सेवन करताना आढळल्या. झोपेच्या गोळ्या, खोकल्याचे औषध, साड्यांच्या घडीत दडवलेली क्वार्टर यांची मोजदाद तर घरातही होत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 2018 च्या अहवालानुसार जगात अमली पदार्थ घेणाऱ्या तिघांत एक स्त्री असते, उपचारांपर्यंत पोचणाऱ्या पाचांत एक. मधल्या बायका कुठे जातात? पुरुष व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाला की बायको घर सांभाळून त्याची वाट पाहते. बाई दाखल झाली तर मुलांना कोण बघणार, सासरचे परत घेतील का, हे आधी ठरवावे लागते. तो संगतीने बिघडलेला असतो. तिचे मात्र चारित्र्य काढले जाते.

आम्ही मानतो की तिची तलफ आणि तिची जखम एकाच दुखण्याची दोन टोके असतात. लहानपणी घरातल्याच माणसाने केलेला अत्याचार, लग्नातली मारहाण, पोटातले मूल गेल्यावर कुणीच न विचारलेले दुःख: कितीतरी जणींचा पहिला घोट असल्या रात्रीचा असतो. नुसती बाटली काढून घेतली तर ती रात्र तशीच उरते, आणि बाई तिथेच परत जाते.

त्या रात्रीतून सावरायला सोबत लागते. 1935 साली अमेरिकेतल्या अक्रन शहरात दोन मद्यपी एकमेकांशी बोलले आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची सुरुवात झाली. त्या वाटेने लाखो माणसे सावरली. अमेरिकेतल्याच जीन कर्कपॅट्रिक यांनी 1975 मध्ये बायकांसाठी स्वतंत्र गट सुरू केला. बाईला आणखी नमते घ्यायला शिकवण्याची गरज नाही, तिला तिचा स्वाभिमान परत मिळाला पाहिजे, ही त्यांची भूमिका आम्हाला मनापासून पटते. पुण्यात 1986 मध्ये अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभे केले. पुढे तिथे स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग झाला. असा विभाग प्रत्येक जिल्ह्यात झाला पाहिजे, ही आमची पहिली मागणी आहे. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तीन वर्षांखालच्या मुलाला उपचार घेणाऱ्या आईपासून शक्यतो तोडू नये असे सांगितले आहे. ते प्रत्येक केंद्रात पाळले जाईपर्यंत आम्ही पाठपुरावा करू.

आणि मागण्या मान्य होईपर्यंत थांबून राहणार नाही. गोल करून बसणे, हिशेब उघडा ठेवणे, एकीच्या अडचणीला दहाजणींनी उभे राहणे हे बचत गटांनी आम्हाला शिकवले आहे. त्याच पद्धतीने आम्ही दर आठवड्याला दुपारी बसू, कारण घरच्यांना कारण न सांगता बाहेर पडता येते ते दुपारीच. बालवाडीची खोली चालेल, समाजमंदिर चालेल. मुले शेजारच्या खोलीत खेळतील आणि आमच्यातलीच एक त्यांच्याजवळ असेल. रोज पिणारी बाई एकाएकी थांबली तर तिला झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. म्हणून तिला आधी डॉक्टरकडे नेऊ, सोबत दोघी जाऊ. कुणाला तिची कहाणी सांगायला भाग पाडणार नाही. आधी तिला सुरक्षित वाटू दे, बोलणे तिच्या वेळेने येईल. ऐकलेले खोलीबाहेर जाणार नाही. घसरलेलीला हाकलणार नाही. तिची जागा त्याच गोलात राहील.

मैत्रिणी, काल घेतली असशील तरी ये. नाव सांगू नकोस, मूल घेऊन ये. इतक्यात धीर होत नसेल, तर 14446 या व्यसनमुक्तीच्या मोफत राष्ट्रीय क्रमांकावर आजच फोन कर. आम्ही पुढच्या आठवड्यातही बसणार आहोत.