जुन्या जीपगाडीचा मागला एक्सल

स्वातंत्र्यानंतर लवकरच महिंद्रा कंपनीने मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली आणि 2 ऑक्टोबर 1952 रोजी सामूहिक विकास योजनेचा प्रारंभ झाल्यावर विकासगटाचा अधिकारी व त्याची जीप ही जोडी देशभर खेडोपाडी परिचित झाली. पावसाळ्यात काळ्या मातीने वाट अडविणाऱ्या आमच्या परभणीसारख्या मुलखात या गाडीची मातब्बरी काय होती, हे निराळे सांगावयास नको. सरकारी सेवेतून लिलावात निघालेल्या, हातोहात फिरलेल्या आणि मूळचे पेट्रोल इंजिन जाऊन डिझेल इंजिन बसलेल्या अशा गाड्यांचा मागला एक्सल जेव्हा निकामी होतो, तेव्हा त्याच्या जागी कोणता घालावा, या प्रश्नावर बहुतेकांचे उत्तर एकच असते: भंगारात मिळेल तो सर्वांत दणकट. हे उत्तर चुकीचे आहे असे माझे स्पष्ट मत आहे. जीपला जुळणारा एक्सल हवा. बळकटीचा विचार त्यानंतरचा.

या मोहाचे कारण मी समजू शकतो. सीजे-3बी या जातीच्या जीपमध्ये मूळ क्राऊन-पिनियनचे प्रमाण 5.38 असे, म्हणजे क्राऊनला 43 दाते आणि पिनियनला 8. वेगाने फिरणाऱ्या त्या पेट्रोल इंजिनाला हे मानवत असे. परंतु संथ फिरणारे डिझेल इंजिन बसविल्यावर तीच गाडी परभणी-जिंतूर रस्त्यावर घोंगावत राहते, वेग मात्र धरीत नाही. मग अलीकडच्या एखाद्या गाडीचा कमी प्रमाणाचा एक्सल मागे चढविला जातो, गाडी सडकेवर सुसाट पळू लागते आणि मालक संतुष्ट होतो. पण पुढचा एक्सल जुन्याच प्रमाणाचा राहिला आहे, याचे स्मरण त्याला ज्या दिवशी पुढची चाके जोडावी लागतात त्या दिवशी होते. जीपच्या ट्रान्स्फर केसमध्ये पुढच्या आणि मागच्या शाफ्टांची गती एकमेकींशी पक्की बांधलेली असल्यामुळे, प्रमाणांत तफावत असली की दोन्ही एक्सल परस्परांविरुद्ध पीळ घालू लागतात. चिखलात चाके घसरून तो पीळ थोडाफार सुटतो, कठीण मुरमावर तो सुटत नाही, आणि अखेरीस दाते किंवा जॉइंट त्याची किंमत मोजतात. प्रमाण बदलावयाचे तर पुढचे आणि मागचे, दोन्ही बदलावे, हा नियम अपवादरहित आहे.

विकत घेण्यापूर्वी प्रमाण पडताळून पाहणे अवघड नाही. एक्सलच्या एका बाजूचे चाक किंवा ड्रम पक्का अडकवून दुसरे मोकळे ठेवावे, मोकळ्या चाकावर आणि पिनियनच्या फ्लँजवर खडूची खूण करावी, चाक बरोबर दोन फेरे फिरवावे आणि तेवढ्यात पिनियन किती फेरे घेतो ते मोजावे. पाच फेरे पूर्ण होऊन आणखी एक तृतीयांशाहून किंचित अधिक भरले, तर एक्सल 5.38 चा समजावा. विक्रेत्याच्या तोंडी ग्वाहीपेक्षा ही मोजणी कितीतरी भरवशाची.

दुसरी गोष्ट सहसा कोणी पाहत नाही. या जीपमध्ये ट्रान्स्फर केसचा मागचा निकास उजवीकडे सरकलेला आहे, आणि त्याच्या समोर यावा म्हणून मागच्या एक्सलचा डिफरन्शियलचा गोळाही उजवीकडेच आहे. मधोमध गोळा असलेला परका एक्सल लावला, की मुळातच आखूड असलेला प्रोपेलर शाफ्ट तिरपा पडतो. 80 इंच व्हीलबेसच्या गाडीत हा तिरकसपणा लांब गाडीपेक्षा फार जाचतो. त्यात पाट्यांच्या बैठका अंदाजाने वेल्ड करून पिनियनचा कोन चुकविला, तर जॉइंट वारंवार बदलण्याची पाळी येते. परक्या एक्सलबरोबर आलेले मागचे ब्रेक पुढच्यापेक्षा फारच जोरकस झाले, तर ओल्या रस्त्यावर मागची चाके आधी जखडून गाडीची शेपटी फिरते, हेही ध्यानात ठेवावे.

बळकटीचा खरा विचार हाऊसिंगच्या आकारापेक्षा शाफ्टच्या रचनेत आहे. युद्धकालीन विलिसचा मागला एक्सल फुल फ्लोटिंग होता. तेथे गाडीचे वजन हाऊसिंग पेलते आणि शाफ्ट केवळ चाक फिरवितो, म्हणून शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहते. पुढे नागरी जीपमध्ये आलेल्या डाना 44 मध्ये वजनाचा भारही शाफ्टवरच पडतो आणि हब टेपर, चावी व नट यांच्या आधारावर बसतो. चिबडात रुतून गरगरणारे चाक एकाएकी दगडावर पकड घेते, तो धक्का नेमका त्या टेपरवर येतो. ज्याला ओझे घेऊन डोंगरउतारावर जावयाचे आहे, त्याने जीपचाच एक्सल घेऊन त्यात अखंड फ्लँजचे शाफ्ट किंवा फुल फ्लोटिंग हब बसवावेत. परक्या एक्सलपेक्षा तो खर्च मी केव्हाही अधिक सार्थकी लागलेला मानीन.

कायद्याची बाजूही विसरता येत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 गाडीच्या मूळ स्वरूपात बदल करण्यास मनाई करते आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कठोर निर्णय दिला. 2021 च्या नियमांनी 50 वर्षांवरील गाड्यांस विंटेज नोंदणीची तजवीज केली, परंतु इंजिन, चासी किंवा बॉडी बदललेल्या गाडीस ती सवलत नाही. अर्थात डिझेल घातलेल्या जीपला सामान्य नोंदणीच्या दर पाच वर्षांच्या नूतनीकरणातूनच जावे लागते. त्या वेळी निरीक्षकाने रंग व दिवे पाहून दाखला देऊ नये. गाडी खड्ड्यावर घेऊन पाट्यांच्या बैठकांची वेल्डिंग, शाफ्टचा तिरकसपणा आणि हबचे नट समक्ष तपासावेत, आणि मालकाकडून एक्सलच्या खरेदीची पावती मागून ती दप्तरी लावावी.